पुढच्या रांगेतल्या दोघी

मूल, २१ जानेवारी २०२५

चि. शकू हीस गुणवंतचा आशीर्वाद.

तुमच्या जंगलात फोनला रेंज नाही म्हणून लोक हळहळतात. मला मात्र बरंच वाटतं. त्या निमित्तानं पोस्टात जाऊन निळं आंतरदेशीय पत्र आणता येतं, दारात बाजेवर बसून लिहिता येतं. फोनवर मी नुसता ‘बरं, बरं’ म्हणतो. कागदावर माणूस बोलतो.

लिहिण्यास कारण की, दोन फेब्रुवारीला, रविवारी, इथं बायांसाठी आरोग्य मेळावा आहे. पत्रूभाऊच्या राईस मिलच्या आवारात, धान वाळवायच्या फरशीवर मांडव पडतोय. नागपूरच्या डॉक्टरीणबाई येणार. साखर, रक्तदाब, छाती, आणि बायांची आतली तपासणीसुद्धा. साखर-रक्तदाबापुरती पुरुषांनाही मुभा आहे, म्हणजे बाया त्यांना घेऊन येतील.

सगळं आपल्या रीतानं जमवलं. सून म्हणून सांगत नाही, पण डोकं आहे पोरीला. गेल्या वर्षी बाया आल्या, हळदीकुंकू घेतलं, वाणाची वाटी पदराखाली घातली आणि तपासणी न करताच घरी गेल्या. म्हणून यंदा तिनं युक्ती केली. संक्रांतीचं हळदीकुंकू मेळाव्याच्या दारातच ठेवलं आणि तपासणीचं टोकन टाकलं वाणाच्या वाटीत, तिळाच्या लाडवाखाली. वाटी घेतली की टोकन हाती आलंच. टोकनावरचं नाव माझ्याकडे येणार, मी माइकवरून पुकारणार. मी तर तिला टाळीच दिली.

माइक अर्थात माझ्याकडे. रिटायर मास्तरला दुसरं कोण काय देतं? नावांच्या मधल्या वेळात कविता म्हणायच्या ठरवल्या आहेत. मेळाव्यासाठी दोन ओळी मी स्वतःही जुळवल्या:

दाराशी आली दवा, आळस आता सोड गं,
चुलीवरचं राहू दे, जिवाशी नातं जोड गं.

चाल तीच, आपल्या शाळेतल्या प्रार्थनेनंतरच्या कवितेची. आठवतं? तू तिसरीत होतीस. दुसऱ्या कडव्याला तुझे डोळे भरायचे, आणि गुरुजी म्हणायचे, या पोरीला कविता कळते. पुढं मी हजारो पोरांना कविता शिकवल्या, पण दुसऱ्या कडव्याला रडणारं पोर पुन्हा भेटलं नाही.

तर ये. ब्रह्मपुरीपर्यंत जीप, पुढं एसटी. किती वर्षांत माझा आवाज माइकवर ऐकला नाहीस.

तुझ्यासोबत राहणाऱ्या कलाबाईंना नमस्कार सांग. त्यांना यायचं असेल तर त्यांनाही आण.

तुझा भाऊ
गुणवंत


मूल, ३ फेब्रुवारी २०२५

चि. शकू हीस आशीर्वाद.

आशीर्वाद लिहिला खरा, पण मी रागावलो आहे.

तू आलीस. सकाळी मांडवात शिरताना मी तुला पाहिलं आणि माइकवर असूनही हात हलवला. तू आणि कलाबाई पुढच्या रांगेत बसलात, अगदी माझ्यासमोर. मला वाटलं, जेवायच्या वेळी भेटू. पण नावांचा असा लोंढा लागला की मी स्टेजवरून खाली उतरलोच नाही. रीतानं डबा वर पाठवला. तुम्हाला मात्र पाहत होतो. बाया उठत होत्या, पडद्याआड जात होत्या, बाहेर येत होत्या, भांडत होत्या. जोड्या येत होत्या, ‘श्री. व सौ. अमुक’ म्हणून मी पुकारत होतो, म्हातारेकोतारे लाजत साखर तपासायला जात होते. तुम्ही दोघी तेवढ्या जागच्या हलला नाहीत. विशेषतः कलाबाई. दिवसभरात एकदाही खुर्चीवरून उठल्या नाहीत. घडी केलेलं लुगडं खुर्चीवर घालून त्यावर नीट बसलेल्या. असा श्रोता मला जन्मात मिळाला नाही.

खरं सांगू? मग मी तुमच्यासाठीच म्हणायला लागलो. पाठ होत्या तेवढ्या सगळ्या. आणि ती मायलेकीची कविता म्हणताना कलाबाईंनी पदर डोळ्याला लावला. मी म्हटलं, बघ गुणवंता, जिला शाळा ठाऊक नाही तिलाही कविता लागली.

आणि चार वाजता बघतो तर दोन खुर्च्या रिकाम्या. भेटायचं नाही, चहा नाही, रीताच्या हातचा घास नाही. तुझा काही निरोप आहे का, म्हणून मी गेटपर्यंत गेलो. पानठेल्यावाला म्हणाला, दोघी गेल्या, एक दुसरीला धरून चालत होती.

मी काय चुकलो ते कळव.

कलाबाईंना नमस्कार.

गुणवंत


मूल, १३ फेब्रुवारी २०२५

चि. शकू,

तुझं पत्र परवा आलं. हे माझं दुसरं उत्तर. पहिलं फाडलं.

तुझी वाक्यं मला आता पाठ झाली आहेत. शाळेतल्या सवयीनं पाठ झाली असती तर बरं होतं. तू लिहिलंस, ‘भाऊ, आमी कविता आयकाले नाई आलो होतो.’ तिथंच मी थांबलो. उठून पाणी प्यालो. मग पुढचं वाचलं.

कलाबाईंची पाळी जाऊन वर्षं झाली आणि पावसाळ्यापासून त्यांच्या अंगावरून जातं आहे. एका दवाखान्यात तू त्यांना नेलंस. तिथं विचारलं, मालक कुठी हाय, लेकरं किती. तुला बाहेर बसवलं, आणि त्या न दाखवताच उठून आल्या. त्यानंतर कुठंच यायला तयार नव्हत्या. मूलला आल्या त्या माझ्या पत्रामुळं. ‘मी तिले म्हटलं, तिथी माहा भाऊ माइकवर हाय. आपलं माणूस हाय.’

‘आपलं माणूस’ या शब्दांखाली मी पेनानं रेघ ओढली, शकू.

दारात रीताच्या मैत्रिणींनी विचारलं, सवाशीण हाय का? तू म्हणालीस, कुमारी. कलाबाईंनी नुसती नाही म्हणून मान हलवली. कोणी अपमान केला नाही. उलट तिळगूळ दिला, पुढच्या रांगेतल्या खुर्च्या दिल्या. फक्त वाटी दिली नाही. वाटी नाही म्हणजे टोकन नाही, टोकन नाही म्हणजे नाव नाही. तुम्ही दिवसभर तुमचं नाव येईल म्हणून बसलात आणि मी तुमच्याकडे बघून कविता म्हणत होतो. त्या घडी घातलेल्या लुगड्याचा अर्थ मला तुझ्या पत्रातून कळला. पदर डोळ्याला लावला त्याचाही.

आणि मग, शेवटी उठून तुम्ही पडद्यापाशी गेलात तेव्हाचं, नर्सबाईचं ते विचारणं. वाटी कुठी हाय? हिच्यासंगं कोण? तू म्हणालीस, मी. कोण लागता? तू म्हणालीस, ‘मीच हिची सारी.’ ती हसली. ‘वाईट नाई हासली, पर हासली. कला म्हणे, चाल.’

शेवटच्या चार ओळी मी कागद उलटा ठेवून पुन्हा सरळ करून वाचल्या. ‘तू कधी इचारलं नाई, मी सांगतलं नाई. बाया नवऱ्याले जे समजतात ते मी तिले समजतो, अन् ती मले. आता म्हातारपणी लपवू कोणापासून?’

शकू, मला समजलं असं मी लिहिणार नाही, कारण समजलेलं नाही. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. तू बालवाडीची नोकरी घेऊन वैनगंगेपलीकडे गेलीस, लग्नाला नाही म्हणालीस, आणि मी चारचौघांत सांगत आलो की माझी बहीण सेवाव्रती आहे. मला तो शब्द आवडायचा. मी दोनदा तुझ्या घरी येऊन राहिलो. अंगणातल्या दोरीवर एकच मोठी वाकळ वाळत होती. माझ्यासाठी शेजारून वेगळी मागवली. मी त्या वाकळेच्या ठिगळांवर चार ओळी लिहिल्या होत्या! रंग दिसले मला. एकच का, हे दिसलं नाही. कोणी माझ्या डोळ्यांवरची झापड ओढून काढावी आणि समोर भर ऊन असावं, तसं झालं आहे. धड बघवत नाही, मिटून घ्यायचं म्हटलं तर आता मिटतही नाहीत.

पण एक गोष्ट माझ्यासारख्यालाही समजते. कलाबाईंच्या अंगावरून जातं आहे.

म्हणून रीताला बोलावलं. तुझं सगळं नाही सांगितलं, तो तुझा अधिकार. वाटीचं सांगितलं. ती धान्य निवडत होती, सूप तसंच खाली ठेवलं. म्हणाली, ‘मामाजी, मी तं आत्याले पहिली खुर्ची देल्ली.’ मग बोटं मोजायला लागली. मनातल्या मनात कोणाकोणाला खुर्च्या दिल्या ते आठवत असावी. चेहरा उतरत गेला. शेवटी म्हणाली, ‘माह्या मायले बी मीच तिळगूळ देऊन बसवलं.’ तिची आई विधवा. ती वर्षभर पोट धरून असते, आणि लेकीच्याच मेळाव्यातून लाडू खाऊन परत गेली. विधवा, नवऱ्यानं टाकलेल्या, लग्न न झालेल्या, सगळ्या त्या खुर्च्यांवर होत्या. आम्ही त्यांना मान देत होतो.

नऊ मार्चला तीच डॉक्टर मंडळी रिपोर्ट द्यायला आणि राहिलेल्या बायांना तपासायला परत येणार आहेत. काल बैठक झाली. रीता म्हणाली, या वेळी दारात ताट नको, आल्या बाईला सरळ टोकन द्यायचं. पत्रूभाऊ मिशीत हसला. हळदीकुंकवाबिगर बाया फिरकणार नाहीत म्हणाला, आणि वर विचारलं, कुमारीची आतली तपासणी कायले? रीता म्हणाली, ‘काऊन पत्रूभाऊ, कुमारीले आत गर्भाशय नसते काय?’ मास्तरच्या घरात असं बोलतात, मला ठाऊक नव्हतं. बाया पदरात तोंड घालून हसल्या, आणि ताट रद्द झालं.

ती नर्स, रंजीता, तीही आली होती. तिला आठवत होतं. मान खाली घालून म्हणाली, पेशंटसंगं आत कोण यायचं ते पेशंटच सांगेल, आता कोणी नातं विचारणार नाही, नवऱ्याचं नाव विचारणार नाही.

कलाबाईंना घेऊन ये. एवढंच लिहायचं होतं, बाकी पाल्हाळ झालं.

गुणवंत


मूल, २८ फेब्रुवारी २०२५

शकू,

तुझं उत्तर आलं नाही म्हणून काल मीच आलो. तुमच्या ओट्यावर मला जे बोलता आलं नाही ते आता घरी बसून लिहितो आहे. मास्तर असाच असतो, वर्ग सुटल्यावर त्याला उत्तर सुचतं.

कलाबाई मोहाच्या झाडाखाली बसल्या होत्या. मी त्यांच्या रीतीनं ‘जोहार’ म्हटलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. किती वाळल्या आहेत. मी मनात वाक्यं जुळवून आणली होती, सगळी तिथंच सांडली. त्या म्हणाल्या, ‘गुरुजी, आज कविता आणली का नाई?’ तू हसलीस. मला हसता आलं नाही.

मी सांगितलं, ताट नाही, वाटी नाही, नातं कोणी विचारणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग जे म्हणाल्या ते तूही ऐकलंस, पण मला लिहून काढायचं आहे.

‘तुमी दिवसभर जोड्या पुकारल्या गुरुजी. हा अन् त्याची बाई, तो अन् त्याची बाई. म्हातारे हासत हासत उठे. मी खुर्चीवर बसून आयकून राह्यली होती. मले दुखत होतं, पर त्याच्याहून ते जास्त लागे. येतो मी. माइकवर आमची बी जोडी पुकारजा. नाई पुकारली तं मी उठत नाई. मरन आलं तं इथीच येऊ द्या, झाडाखाली.’

तू त्यांना दटावलंस, म्हणालीस, भाऊले कायले कोंडीत धरतं? त्या म्हणाल्या, ‘तुहा भाऊ हाय, माहा कोणी नाई काय?’

आणि मी काय केलं? जीप चुकेल म्हणालो. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. चप्पल घातली आणि निघालो.

जीपमध्ये मला धक्के बसत होते ते रस्त्याचेच होते असं नाही. ते मूल गाव आहे शकू. मी तिथल्या निम्म्या बापांना आणि त्यांच्या पोरांना शिकवलं आहे. मी रस्त्यानं जाताना सायकलवरून उतरून नमस्कार करणारे लोक आहेत. त्यांच्यासमोर, त्या माइकवर. मला भीती वाटते. लिहिताना लाज वाटते, पण खोटं लिहून काय करू? तुला विचारलं तेव्हा तू एका वाक्यात सांगितलंस, ‘मीच हिची सारी’. मला एवढी भाषा येऊन ते वाक्य आलं नसतं.

जीप नऊ तारखेला सकाळीच येईल, रीतानं ठरवली आहे. तुम्ही याल की नाही ते कलाबाईंच्या हातात. मी पुकारेन की नाही, ते मला अजून माहीत नाही. हे वाचून त्या आल्या नाहीत तर दोष माझा.

गुणवंत


मूल, १० मार्च २०२५

चि. शकू आणि चि. कला, दोघींना आशीर्वाद.

वरची ओळ लिहून मी बराच वेळ थांबलो. इतकी वर्षं कला तळाशी असायची, नमस्काराच्या जागी. कला, मी आता तुला ‘तू’ म्हणणार आहे. चालत नसेल तर सांग.

तुम्ही दोघी पडद्याआड गेल्यावर बाहेर काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. आणि त्याआधी माझ्या आत काय झालं तेही नाही.

जीपमधून तुम्ही उतरलात तेव्हा मी टोकनांची चवड पुन्हा पुन्हा जुळवत होतो. खरं तर मनात कुठंतरी वाटत होतं, नाही आल्या तर सुटलो. तुम्ही आलात, दारात टोकन घेतलं, आणि त्याच दोन खुर्च्यांवर जाऊन बसलात. शकू, तू जमिनीकडे बघत होतीस. कला माझ्याकडे बघत होती. तुमचं नाव माझ्या हातात आलं. माइक तोंडाशी नेला आणि नावं नुसती ओठांत वाचली. मांडवात सगळ्यांना वाटलं, लाईट गेली. पत्रूभाऊ शेजारी येऊन माइक ठोकायला लागला. मी म्हटलं, माइक बरा आहे.

मग पुकारलं. तुम्ही ऐकलंच. ‘कलाबाई आणि शकुबाई, जोडीनं आत यावं.’

माझा स्वतःचा आवाज भोंग्यातून परत माझ्या कानावर आला तेव्हा मी दचकलो. कोणी दुसराच बोलला असं वाटलं. तुम्ही उठलात. शकू, तू तिला धरलंस, आणि बाया पाय आखडून वाट देत गेल्या. पडदा पडला.

पत्रूभाऊ म्हणाला, ‘गुरुजी, जोडी म्हणजे? कोण कोणाची?’ आवाज हळू होता, पण माइक चालू होता. सगळ्या मांडवानं ऐकलं.

मी म्हटलं, ‘माझी बहीण, आणि तिचं माणूस.’

तेही माइकवरच गेलं. ठरवून बोललो असं समजू नका, तेवढा शूर मी नाही. खटका बंद करायचं सुचलं नाही. काही बाया हसल्या. मागून कोणी शिट्टी मारली. माझा एक जुना विद्यार्थी उठून निघून गेला, जाताना त्यानं नमस्कार केला नाही. तो न केलेला नमस्कार मी मोजला. पण रीताची आई पुढच्या रांगेतून म्हणाली, ‘मास्तर, पुढचं नाव घ्या, माहं हाय.’ आणि मी घेतलं. नुसतं नाव. सौ. नाही, श्रीमती नाही. मग तसंच घेत गेलो.

दुपारी जेवणाच्या वेळी दोन तरुण पोरी स्टेजच्या कडेला आल्या. ऊर्जानगरहून मोटरसायकलवर आल्या होत्या. रंजीतानं कोणाला तरी सांगितलं, त्यांनी या पोरींना. एकीनं आजूबाजूला बघून विचारलं, ‘आजोबा, सोबत आत जाता येते म्हणे. खरं हाय काय?’ मी म्हटलं, खरं आहे. ती म्हणाली, ‘आमचं माइकवर नका घेऊ पण.’ मी खाली उतरलो, त्यांना पडद्यापर्यंत सोडून आलो. दिवसभरात तेवढाच एकदा उतरलो. पुकारलं जाणं कलाला हवं होतं, या पोरींना नको होतं. यापुढं दारातच विचारायचं, असं रीतानं ठरवलं आहे.

आता मुख्य. डॉक्टरीणबाई तुमच्याशी बोलल्याच, मग मी भाऊ म्हणून विचारलं तर म्हणाल्या, ज्यांचं आहे त्यांनी परवानगी दिली तर सांगते. कला, तू मान हलवलीस म्हणून मला कळलं. आत गाठ आहे. तुकडा तपासायला गेला आहे. उशीर झाला, पण हात टेकावेत इतका नाही, असं त्या म्हणाल्या. फेब्रुवारीत पाहिलं असतं तर बरं होतं असंही म्हणाल्या. त्यांना ठाऊक नव्हतं की फेब्रुवारीत तू इथंच होतीस, त्यांच्या पडद्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि मी गात होतो. मी त्यांना सांगितलं.

चंद्रपूरला ऑपरेशन करावं लागेल. तिथं पुन्हा कोणीतरी विचारेल, सही कोण करणार, पेशंटचं कोण. माझ्याकडे बघतील, कारण मी धोतरातला म्हातारा आहे. मी पेन शकूकडे देईन. एवढं मला आता जमेल असं वाटतं.

मला अजून पुष्कळ समजलेलं नाही. सकाळी दाढी करताना आरशात बघून दचकलो, की हा काल माइकवर काय बोलला. दचकणं जाईल तेव्हा जाईल.

गाडी रीता ठरवते आहे. डबा तिच्याकडून, वाकळ तुमची तुम्ही आणा, दवाखान्यातल्या चादरी पातळ असतात. मी वॉर्डाबाहेर बाकावर बसेन.

कला, कविता मी आणणार नाही. तू मागितलीस तरच म्हणेन. आणि तेव्हाही आधी विचारीन, दुखतं आहे का.

तुमचा दोघींचा भाऊ
गुणवंत